बांधापलीकडची विहीर

"पानी हाय. व्हय, पानी हाय! न्हाई कोन म्हन्तं? पर फुकट हाय का ते पानी? हैबती, तूच सांग, फुकट देतं का कोनी कोनाला?"

हैबती लोहार भाता ओढत होता. त्यानं मानसुद्धा वर केली नाही. "मला काहून इचारून राहिला? मी काय त्या इहिरीत बसतो का?"

"तू न्हाई बसत. पर बसनाऱ्या बसल्यात ना तिच्यात."

"कोन?"

"साती आसरा." सोनाजीनं आवाज खाली आणला, पण इतकाच की भात्याभोवती बसलेल्या सगळ्यांना ऐकू जावा. "सातीच्या साती बहिनी तळाला बसल्यात. वर पानी सोडत्यात अन बदल्यात लेकरू घेत्यात. उत्तमरावाच्या घरी पाळना काहून हालला न्हाई? केला का कधी इचार? भर वैशाखात चार बैलांची मोट चालती तरी इहीर उपसत न्हाई. उगीच का?"

ग्यानबा चिलीम भरत होता, त्याचा अंगठा तसाच राहिला. "आरं तुज्या! म्हून ती द्वारकाबाई वांझ राहिली व्हय?"

"मी काही म्हनलं का? मी फक्त इहिरीचं बोललो."

फाळ शेवटायला, धार लावून घ्यायला आणून तांड्यावरचा धनसिंग कडेला उकिडवा बसला होता. त्यानं एकवार सोनाजीकडं पाहिलं, एकवार विस्तवाकडं, अन बिडी पेटवली.

मोगलाईतलं, शिरड शहापूरच्या खालच्या अंगाचं हे काळ्या रानाचं गाव. रान म्हणजे ताटासारखं सपाट. डोंगर नाही, टेकाड नाही. बांधावर उभं राहिलं की कोणाच्या रानात काय हिरवं अन काय वाळलं ते लपत नाही. अन तेच सोनाजीचं दुखणं होतं. त्याच्या बांधाला बांध लागून उत्तमरावाचा मळा. चैतात अख्ख्या शिवाराला भेगा पडून त्यात पाय जाईल अशी गत झाली, तरी मळ्यात केळी डुलायची, वांग्याला फूल असायचं, मिरचीच्या वाफ्यातून पाटाचं पाणी खळखळत जायचं. कोरडवाहू कापूस अन ज्वारी करून पोट भरणारा सोनाजी बांधावर जेवायला बसायचा तो मळ्याकडं पाठ करून. पण पाणी काही डोळ्यांनीच दिसतं असं नाही. मोटेचं चाक कुरकुरलं की घास त्याच्या तोंडात फिरायचा.

तसा सोनाजी वाईट नव्हता. कोणाच्या मयतीला पहिला खांदा त्याचा. बैलाला चाबूक लावायचा नाही. बायको पार्वतीबाई, तिला तो पारी म्हणायचा, तिच्यावर त्यानं कधी हात उगारला नाही. तीन लेकरं पुरून एक पोरगी वाचली होती, गोदी, तिला तो बाजारातून शेव आणल्याबिगर घरी येत नसे. जळणं तेवढं त्याला आवरत नसे. अन गावभर जळत नसे तो. एकट्या उत्तमरावावर जळायचा.

त्याला कारण होतं. तरणाबांड होता तेव्हा सोनाजीनंही विहीर खोदायला घेतली होती, ती बांधाच्या अगदी कडेला, मळ्यातल्या विहिरीपासून हाकेवर. तिकडं पाणी तर इकडं काहून नाही, हा त्याचा हिशेब. दोन उन्हाळे त्यानं माती उपसली. पारी डोक्यावर पाटी घेऊन वर-खाली करायची. खाली लागला तो काळा दगड, पहारेनं ठिणगी उडावी असा. पाण्याचा टिपूस नाही. पावसाळ्यात त्यात गुडघाभर गढूळ साचायचं अन बेडकं रात्रंदिवस ओरडायची. लोक म्हणायचे, "सोनाजीची इहीर वरडून राहिली." उत्तमराव मात्र कधी हसला नाही. उलट म्हणाला, "सोन्या, तुपलं लागलं न्हाई तर मपलं हाय की. पारीला सांग, घागर भरून नेत जा." त्या दिवशी सोनाजीला जेवण गेलं नाही. हसला असता तर बरं वाटलं असतं.

द्वारकाबाई वांगी द्यायची. केळीचा घड उतरला की फणी द्यायची. पारी बोटं चाटून खायची अन म्हणायची, "काय गोड पान्याचं हाय वो." बस, तेवढ्यानं सोनाजीची रात्र नासायची. आपल्या बायकोनं दुसऱ्याच्या पाण्याची तारीफ करावी!

त्या दिवशी लोहाराकडं त्यानं जे सांगितलं ते ठरवून नव्हतं सांगितलं. ग्यानबा सहज म्हणाला होता, "उत्तमरावाची हळद औंदा लई भारी, हिंगोलीच्या बाजारात पोत्याभवती गर्दी झालती." तिथून सोनाजीची जीभ सुटली. आसरा त्याच्या तोंडातून निघाल्या तेव्हा त्याचं त्यालाच नवल वाटलं, पण बसलेल्यांचे चेहरे पाहिले अन त्याला आतून असं गार वाटलं की विचारू नका. उत्तमरावाच्या पाण्याला आज पहिल्यांदा कुठंतरी डाग पडला होता.

डाग पसरायला वेळ लागला नाही. आडाचं पाणी आटलं की गावातल्या बायका मळ्यात घागरी घेऊन जायच्या, त्या आता नदीच्या डोहाला जाऊ लागल्या, दुप्पट वाट तुडवत. हळद काढायला येणाऱ्या बाया लेकरांना घरी ठेवून यायच्या, मग त्याही येईनाशा झाल्या. संक्रांतीला द्वारकाबाई वाणाचं ताट घेऊन बसली अन दोघीच आल्या, त्याही उंबऱ्याच्या बाहेरून. कोणी तोंडावर काही बोललं नाही. तोंडावर बोलायची आपल्याकडं रीतच नाही.

सोनाजीही ते पुन्हा पुन्हा सांगत राहिला. दर वेळी थोडं वाढवून. एकदा म्हणाला, अवसेला बांगड्या वाजतात. एकदा म्हणाला, मोटेत हिरव्या चोळीचा तुकडा आला होता. पारी चुलीपाशी बसून ऐकायची अन गोदीला पदराखाली ओढायची. "बाई बाई! अन आमी तिथलं पानी पिलो की वो इतके दिवस." घरातली घागर नदीला जाऊ लागली, त्याचंही सोनाजीला बरंच वाटलं.

अशी वर्षं गेली. तिकडं कुठं लढाई सुरू झाली अन संपलीही. रझाकारांची धामधूम अजून गावापर्यंत आली नव्हती, त्याच्या आधीचं साल होतं, तेव्हा गावात बातमी फुटली की उत्तमराव मळा विकून राहिला.

गुडघ्यांनी जवाब दिला होता. मोटेमागं धावेवरून दिवसभर उतरायचं-चढायचं, ते साठीच्या माणसाला झेपत नव्हतं. सालगडी मिळत नव्हता. मिळाला तर त्याची बायको विहिरीपाशी पाऊल टाकत नव्हती. नवरा-बायकोनं ठरवलं होतं, औंढ्याला नागनाथाच्या पायाशी एक खोली घ्यायची अन राहिलेले दिवस काढायचे.

गावाची रीत अशी होती. रान विकायचं म्हटलं की आधी ज्याचा बांध लागला त्याला विचारायचं. ओसरीवर चारजण बोलावून मालकानं त्याच्या हातात विडा द्यायचा. त्यानं विडा खाल्ला की रान त्याचं, मग देण्याघेण्याचं काय ते बोलायचं. नको असेल तर त्यानं विडा मालकाच्या हातात परत द्यायचा, तोही त्याच चारजणांसमोर. तोवर मालकानं दुसऱ्याशी रानाची गोष्टसुद्धा काढायची नाही.

सोनाजीला वाटलं होतं, उत्तमराव आपल्याला काही विचारणार नाही. एवढं सगळं त्याच्या कानावर गेलंच असेल. पण उत्तमरावानं निरोप धाडला. ओसरीवर हैबती होता, ग्यानबा होता, आणखी दोघं होते. उत्तमरावानं भिंतीला धरून उठून विडा पुढं केला.

"घे सोन्या. तुपला पैला हक्क."

सोनाजीनं विडा घेतला. विडा तिथंच तोंडात टाकावा असं त्याच्या मनात आलं. पण पारीच्या हातातल्या पाटल्या मोडल्याशिवाय सौदा होणार नव्हता, अन पाटल्या तिच्या माहेरच्या. तिला न विचारता विडा खाल्ला अन मागून माघार घ्यावी लागली तर काय इज्जत राहिली? "बाजाराच्या दिवसापोतर ठिवतो, तात्या," म्हणाला अन विडा पागोट्यात खोवून घराकडं निघाला. निघाला कसला, उडालाच.

वाटेत त्याला सगळं दिसत होतं. इकडं ऊस, तिकडं हळद. धावेवर आपले बैल. बांधाच्या पलीकडून आपल्या जुन्या रानाकडं पाहायचं, ते कसं दिसत असेल तेही त्यानं मनात पाहून घेतलं.

पारी भाकरी थापत होती.

"पारे, मळा आपला झाला."

"कोन्ता मळा?"

"कोन्ता म्हंजे? गावात किती मळे हायत? तात्यानं इडा देला. आता ह्या पाटल्या काढ, म्हंजे झालंच."

पारीचा हात थांबला. "इहिरीसकट?"

"मग? ते काय इहीर उचलून औंढ्याला नेनार हायत?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. भाकर उलटवली. मग म्हणाली, "मपल्या पाटल्या मपल्या लेकराच्या जिवावर उठायला न्हाईत."

सोनाजी हसला. "अगं येडे! ते तर मी रचलं व्हतं."

"काय रचलं?"

"आसरा-बिसरा काही न्हाई तिथं. हैबतीच्या भात्यापाशी बसल्या बसल्या म्या सोडून देलं."

"काहून?"

आता या काहूनला काय जवाब द्यावा? जळत होतो म्हणून, हे सोनाजीनं स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं. "असंच," म्हणाला. "मजाक."

"इतकी वर्सं?"

"मजाक लांबली."

पारीनं त्याच्याकडं नीट पाहिलं. "गोदीच्या बापा, आता मळा पायजे म्हून तुमी हे बोलून राहिलाव. अवसेच्या बांगड्या तुमी आपल्या कानानं ऐकल्या म्हन्ता ना? चोळीचा तुकडा डोळ्यानं पाहिला ना?"

"न्हाई ऐकल्या! न्हाई पाहिला!"

"मग ठिवा हात." तिनं अंगणात खेळणाऱ्या गोदीला हाक मारली. पोरगी धावत आली अन दोघांच्या मधे उभी राहिली. "ठिवा तिच्या डोक्यावर, अन म्हना, इहिरीत काही न्हाई."

सोनाजीनं हात उचलला. यात काय मोठंसं? खोटं आपणच केलं, आपल्यालाच ठाऊक. पण हात पोरीच्या केसांच्या वीतभर वर गेला अन तिथंच अडकला. इतक्या वेळा सांगितलेलं ते त्याच्याच डोळ्यांपुढं आलं. काळं पाणी, हिरव्या चोळ्या. तीन पुरली होती. ही एकच होती. नसतीलच आसरा, पण असल्या तर?

क्षणभरच थांबला तो. मग हात टेकवलाही असता, पण पारीनं पोरीला ओढून घेतलं.

"पाहिलं," ती म्हणाली. "जेवा आता. भाकर गार होती."

दुसऱ्या दिवशी त्यानं राग करून पाहिला. तिसऱ्या दिवशी गोड बोलून पाहिलं. म्हणाला, सोन्याच्या दुप्पट पाटल्या करीन. पारी एकच म्हणायची, "तवा हात काहून थांबला?" पागोट्यातला विडा सुकत चालला होता. शेवटी त्याच्या डोक्यात आलं की पारी आपलं ऐकत नाही, पण मळ्यातल्या बाईचं ऐकेल. तो बांध ओलांडून द्वारकाबाईकडं गेला.

ती वाफ्यात बसून मिरच्या तोडत होती.

"वैनी, एक काम व्हतं."

"बोला भावजी."

"पारीला एवढं येऊन सांगता का, की इहिरीत तसलं काही न्हाई म्हून? तुमी इतकी सालं हितं राहिल्या. तुमचं ऐकंल ती."

द्वारकाबाईनं हातातली मिरची टोपल्यात टाकली, पुढची तोडली. "अन मला कोनी इचारलं की, बाई, तुला मंग लेकरू काहून झालं न्हाई, तर काय सांगू?"

सोनाजीनं पागोटं सारखं केलं.

"सांगा की. तुमालाच ठावं असंल. सगळ्या गावाला तुमी सांगितलं."

"वैनी, मी..."

"भावजी, मी धुनं घेऊन नदीवर बायांच्या मधी लुगड्याला लुगडं लावून बसायची. त्या उठून दुसऱ्या दगडाला जायच्या. हे कोनी पसरवलं ते मी यांना कधी बोलले न्हाई. बोलले असते तर यांनी तुमाला इडा देला नसता. उलट मीच म्हनले, जाऊ द्या, रीत हाय, बांध लागलेल्याला इचारा." ती उठली, कमरेत हात देऊन सरळ झाली. "पारीला मी काही सांगनार न्हाई. गावाला जसं सांगितलं तसं तिलाबी सांगा. तुमाला चांगलं सांगता येतं."

तिनं टोपलं उचललं अन ती निघून गेली. भांडली असती तर सोनाजीनं दोन शब्द टाकले असते. तो बांधाकडं वळला. जाता जाता पाटातल्या पाण्यात त्याचा जोडा भिजला, अन तशाही हालतीत त्याच्या मनात आलं, केवढं पाणी आहे हे.

बाजाराच्या दिवशी ओसरीवर तेच चारजण जमले. सोनाजीनं पागोट्यातून विडा काढला. पान काळं पडून चुरगळलं होतं. त्यानं तो उत्तमरावाच्या हातात ठेवला.

"काहून रे?" ग्यानबा मधेच बोलला. "जल्मभर त्या मळ्याकडं पाहत बसला, अन आता न्हाई म्हन्तो? आसराला भेला काय?"

सगळे हसले. सोनाजीला दोनच वाटा होत्या: भ्यालो म्हणावं की खोटं बोललो म्हणावं.

"मला पान्याचं रान झेपत न्हाई," तो म्हणाला.

"बराबर हाय," हैबती म्हणाला. "कोरड्याची सवय."

उत्तमराव हसला नाही. त्यानं तो वाळका विडा ओसरीच्या कडेला ठेवला अन म्हणाला, "मग रान मोकळं."

अन मोकळं झाल्याबरोबर ते धनसिंगनं घेतलं. तांड्यावरचा धनसिंग! ज्याचे आजे-पंजे बैलांवर मीठ लादून देशोदेशी हिंडले, ज्याच्या बापाला नांगर धरता येत नव्हता. दोन बैलजोड्या अन एक म्हैस औंढ्याच्या बाजारात विकून, भावांकडून हातउसनं घेऊन त्यानं मळा घेतला. सोनाजीला हे कळलं तेव्हा तो कापसात होता. त्याला वाटलं, उत्तमराव परवडला होता. तो निदान जन्मापासून मळेवाला होता. हा तर काल आपल्याशेजारी लोहाराकडं उकिडवा बसत होता.

ताबा घेतला त्या दिवशी धनसिंगची बायको रूपाबाई तांड्यावरच्या बाया घेऊन आली. आरसे लावलेल्या काचळ्यांत, त्यांच्या चोळ्यांत, उन्हानं चमचम चमकत होत्या सगळ्या. त्यांनी विहिरीच्या काठावर सात खडे मांडले, शेंदूर लावला, हिरवी चोळी अन हिरव्या बांगड्या ठेवल्या, लापशी शिजवली. रूपाबाईनं लापशीचं पान स्वतः बांधावर आणून सोनाजीला दिलं.

"घ्या सोनाजीभाऊ. तुमी सांगितलं नसतं तर आमाला काय ठावं? मान न देता पानी उपसलं असतं अन तकलीफ झाली असती. लई उपकार तुमचे."

सोनाजीनं पान घेतलं. घेणार नाही तर काय करणार? लापशी बैलाला घालावी म्हणून चालला होता, पण गुळाचा वास आला अन चार बोटं तोंडात गेली.

त्या साली धनसिंगनं हळद लावली. उत्तमरावाच्या हळदीच्या निम्मी उंच आली, पण सोनाजीला ती दुप्पट दिसायची. धनसिंगला मोट नीट धरता येत नव्हती, पाणी थारोळ्यात कमी अन धावेवर जास्त सांडायचं. ते वाया गेलेलं पाणी पाहून सोनाजीचा जीव तुटायचा. अन तरी ओरडून सांगावं असं त्याला वाटायचं नाही.

शिमगा झाला. मळ्यात कढईवर हळद शिजत होती, धूर अन वास सगळ्या शिवारावर पसरला होता. धनसिंगची पोरं विहिरीच्या काठावरून धबाधब उड्या टाकत होती अन तळाकडून हसत वर येत होती. सोनाजी बांधालगतच्या कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटत होता. वर पाहतो तर मळ्याच्या पायवाटेनं डोक्यावर भरली घागर घेऊन पारी येऊन राहिली, मागं गोदी, केस ओले.

"कुठून आणलं पानी?"

"रूपाबाईच्या इहिरीतून."

"अन पोरगी भिजली कशानं?"

"उतरली व्हती काठाकाठानं. रूपाबाईनं हात धरला व्हता."

सोनाजीच्या हातातली पऱ्हाटी खाली पडली. "आता गं? आता न्हाई खात का आसरा?"

"आता कशाला खातील? त्याइनं चोळी चढवली, मान देला."

"अगं पर नव्हत्याच तिथं! काहीच नव्हतं! मी सांगत व्हतो तवा तू..."

"नव्हत्या कशा?" पारीनं घागर सावरली. "तुमीच तर पैल्यांदा सांगितलं गावाला. आमाला काय कळनार व्हतं? रूपाबाई म्हन्ती, सोनाजीभाऊला दिष्टी हाय, न दिसनारं दिसतं." तिनं घागर खाली उतरवली, तांब्या भरून त्याच्यापुढं धरला. "प्या. ऊन किती झालं."

तो प्याला. तांब्याभर प्याला, अन आणखी मागितलं नाही.

"गोड हाय न्हाई?" पारी म्हणाली.

"हाय."

"आपन एक चोळी चढवली असती तर," ती घागर उचलता उचलता म्हणाली, "आज आपली असती इहीर. तुमाला तवा सुचलं न्हाई."

ती गोदीला घेऊन गावाच्या वाटेला लागली. पलीकडून धनसिंगनं हाक मारली, "सोनाजीभाऊ, या की, हळद पाहायला या!" सोनाजीनं ऐकलं न ऐकलंसं केलं. धोतराचा सोगा कमरेला खोवला, वाकला, पऱ्हाटीच्या बुडाला दोन्ही हात घातले अन जोर लावला. ही काही पटकन निघेना, मूळ खोल गेलं होतं. त्यानं पाय रोवले, पुन्हा हिसका दिला. निघाली. मागं ढिगावर फेकली अन पुढचीला हात घातला. दिवस मावळायच्या आत तेवढा पट्टा उरकायचा होता.